वळकटीतला अंक

१९३४ सालचा फेब्रुवारी. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, माडीवरच्या खोलीत तुम्ही भाड्याने राहताय. वय तेवीस. खाली चौकात घागरी वाजतायत. जिन्यावर कोणाची पावलं वाजतात का, याकडे तुमचा एक कान आहे. वळकटी उलगडून तुम्ही आतलं पातळसं मासिक बाहेर काढता. मुखपृष्ठावर विवस्त्र बाईचं चित्र आहे, म्हणून अंक उपडा धरायची सवयच लागलीय तुम्हाला. ‘समाजस्वास्थ्य’. संपादक, र. धों. कर्वे.

प्रश्न तुम्हीच धाडला होता. पोस्टकार्ड चालण्यासारखं नव्हतं. ते पोस्टमनपासून घरमालकापर्यंत सगळे वाचतात. पाकीट आणलंत, तीनदा लिहून फाडलंत, शेवटी नावाऐवजी ‘एक वाचक’ एवढंच घातलंत. हस्तमैथुनाने मेंदू पोकळ होतो, क्षय जडतो, असं तालमीत तुम्हाला सांगितलं होतं. चार वर्षं त्या भीतीने तुम्हाला धड झोप नाही. आणि आता समोर छापील उत्तर: असं काही होत नाही. दोन-तीन ओळी. उपदेश नाही, लाज काढणं नाही. गणित सोडवून खाली रेघ मारावी तसं. कर्वे गणिताचेच प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार की नोकरी, असा पेच आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली.

तुम्ही ते उत्तर पुन्हा वाचता. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणजे काय, ते तुम्हाला आज कळतं.

आणि अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिलाय. वाचकांनी विचारलेले प्रश्न, हस्तमैथुनाबद्दलचे, समलिंगी संबंधांबद्दलचे, आणि त्यांना दिलेली सरळ उत्तरं. हा पहिला खटला नव्हे. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून त्यांना कोर्टात खेचायला तुमच्याच पुण्यातले सनातनी पुढे झाले होते. शंभर रुपये दंड झाला. ज्या गावाने हिंगण्याचा आश्रम उभारणाऱ्या अण्णांना, म्हणजे त्यांच्या वडिलांना, आधी विरोध केला आणि मग डोक्यावर घेतलं, तेच हे गाव.

या वेळी वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलंय. दीड वर्षापूर्वी येरवड्याच्या करारावर सही करणारे आंबेडकर. कामांचा डोंगर असताना ते या माणसासाठी उभे राहिलेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे: लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, आणि लोकांनी प्रश्न विचारले तर त्यांना उत्तर मिळायला हवं.

डेक्कन क्वीन सुरू होऊन चार वर्षं होत आलीत. सकाळी बसलात तर दुपारच्या आत मुंबईच्या कोर्टात पोहोचाल. मागच्या बाकावर बसलात, तरी एक वाचक तिथे दिसेल.

तुम्ही जात नाही. हापिसात काय सांगणार, वाड्यात काय सांगणार? मला तुमची भीती कळते, पण ती मला सलते. प्रश्न तुमचा होता, आरोपीच्या पिंजऱ्यात ते एकटे आहेत.

एप्रिलमध्ये निकाल लागतो. दोनशे रुपये दंड. कर्वे हरले, दंड भरला आणि पुढचा अंक काढला. वर्षामागून वर्षं काढत राहिले. घरखर्चाचा भार त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी उचलला म्हणून ते जमलं, हेही इथेच सांगायला हवं. १९५३च्या ऑक्टोबरच्या १४ तारखेला ते गेले. नोव्हेंबरचा अंक निघाला, तो शेवटचा.

आता डोळे मिटा आणि २००१ सालात उघडा. पुण्यातलंच एक प्रेक्षागृह. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ सुरू आहे. पडद्यावर किशोर कदम कर्वे झालेत, सीमा बिस्वास मालतीबाई. तुमच्या एका बाजूला कॉलेजातली पोरं, दुसऱ्या बाजूला नऊवारीतल्या एक आजी. तुमच्या पाकिटातले शब्द पडद्यावरून मोठ्याने ऐकू येतात आणि तुमचा हात सवयीने काहीतरी उपडं करायला जातो.

आजी पडद्यावरची नजर काढत नाहीत. हातातली पिशवी त्यांनी घट्ट धरलीय. मध्यंतरात दिवे लागतात तेव्हा त्या तुमच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणतात, “आमच्या घरी यायचा हो हा अंक. गादीखाली असायचा.”