रंगमंचावरील वार्धक्य

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी ५ जुलै २०२५ रोजी एका फुटबॉलच्या मैदानावर गाण्याचा मोठा जलसा झाला. जलशाचा मुख्य गायक ऑझी ऑस्बर्न त्या वेळी शहात्तर वर्षांचा होता. कंपवाताने पाय निकामी झालेले, म्हणून रंगमंचाखालून वर येणाऱ्या एका सिंहासनवजा खुर्चीत बसूनच तो गायला. १९६८ साली त्याच शहरात जन्मलेल्या 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाचे मूळचे चारही इसम त्या दिवशी पुष्कळ वर्षांनी एकत्र आले होते. जलशाचे उत्पन्न धर्मादायास गेले. त्यात मुलांचे एक रुग्णालय होते आणि कंपवातावर संशोधन करणारी एक संस्थाही होती. त्यानंतर सतराच दिवसांनी, २२ जुलै रोजी, ऑस्बर्न वारला.

या गोष्टीचे नवल वाटावे याचे कारण त्या संगीताच्या स्वभावातच आहे. आपल्याकडे गवयाचे वय वाढले की त्याचा मान वाढतो. चाळिशीतला गवई अजून घडतो आहे असे जाणकार म्हणावयाचे, आणि सत्तरीच्या बुवांचा आवाज फाटला तरी 'बुद्धी पाहा' म्हणून लोकांनी माना डोलवावयाच्या, असा आपला रिवाज. रॉक संगीताने मात्र जन्मतःच तारुण्याशी सोयरीक केली. विजेवर चालणारी गिटार, कानठळ्या बसविणारा ताल, वाढविलेले केस, उड्या, आरोळ्या आणि आईबापांचा संताप, एवढ्या सामग्रीवर तो संसार उभा राहिला. 'द हू' या वाद्यवृंदाने १९६५ साली 'माय जनरेशन' नावाचे जे गाणे गाजविले त्यात वृद्धत्वाचा उघड तिटकारा आहे. ते गाणे लिहिणारा पीट टाउनशेंड आणि गाणारा रॉजर डाल्ट्री हे दोघे २०२५ साली अमेरिकेत निरोपाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा एकाला ऐंशी आणि दुसऱ्याला एक्याऐंशी वर्षे झाली होती. काळाने एवढा अचूक सूड क्वचितच कोणावर उगविला असेल.

जे लवकर गेले ते या पेचातून सुटले. ब्रायन जोन्स १९६९ मध्ये, जिमी हेंड्रिक्स व जॅनिस जॉप्लिन १९७० मध्ये, जिम मॉरिसन १९७१ मध्ये. चौघेही सत्ताविसाव्या वर्षी गेले आणि चित्रात कायमचे तरुण राहिले. आमच्या रंगभूमीवर हे भाग्य, की दुर्भाग्य म्हणावे, केशवराव भोसले यांच्या वाट्यास आले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त 'मानापमान'मध्ये त्यांचा धैर्यधर लोकांनी पाहिला, आणि तीन महिन्यांच्या आत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांचा उतरलेला आवाज कोणी ऐकलाच नाही. त्या प्रयोगात भामिनी झालेल्या बालगंधर्वांस मात्र पुढे आणखी सेहेचाळीस वर्षे काढावयाची होती. त्यांच्याकडे पुढे वळूच.

जे वाचले त्यांनी काय केले? 'रोलिंग स्टोन्स'चा पहिला जलसा लंडनात १२ जुलै १९६२ रोजी झाला. हीच मंडळी ७ एप्रिल २००३ रोजी मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर आली, तेव्हा मिक जॅगर साठीला टेकला होता आणि आता हे थकले असे पुष्कळांनी म्हणून घेतले. २०१९ साली त्याच्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया झाली. अडीच महिन्यांत तो पुन्हा रंगमंचावर धावत होता. २०२१ साली तालवादक चार्ली वॉट्स ऐंशीव्या वर्षी वारला. महिनाभरात दुसरा वादक घेऊन दौरा सुरू झाला. २०२४ च्या अमेरिकेतील दौऱ्याचा पुरस्कार तर पन्नाशीपुढील व निवृत्त लोकांच्या हितासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने केला. बंडखोरीची अखेर निवृत्तिवेतनधारकांच्या संस्थेत व्हावी, हा विनोद कोणा नाटककारास सुचला नसता.

याच्या मुळाशी अर्थकारण आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी तबकड्या खपाव्यात म्हणून दौरे काढीत. या शतकाच्या आरंभी गाणे फुकट उतरवून घेणे सोपे झाले, तबकड्यांचे उत्पन्न आटले आणि दौरा हाच मुख्य धंदा झाला. मग ज्याच्या गळ्यावर लोकांनी तरुणपणी प्रेम केले त्याचे नाव हेच भांडवल ठरले. नव्या गायकाला नाव मिळवावे लागते. जुन्याला ते फक्त वटवावयाचे असते. गळा साथ देत नसेल तर वाद्ये अर्ध्या वा पूर्ण स्वराने खाली लावतात, वरच्या जागा मागे उभ्या असलेल्या तरुण साथीदारांकडे सोपवितात, आणि उरलेले काम श्रोते करतात. हजारो लोक ते गाणे स्वतःच म्हणत असतात. गायक कोठे थांबला हे त्यांच्या कानास कळतच नाही, कारण त्यांच्या कानात चाळीस वर्षांपूर्वीची तबकडी वाजत असते.

माणसे गेली तरी नाव टिकवावयाचे, ही युक्ती आम्हांस नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि १८८५ साली ते वारलेही. पण किर्लोस्कर मंडळी त्यांच्या नावावर पुढे कित्येक वर्षे चालली. भाऊराव कोल्हटकर गेले, बालगंधर्व आले; १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे बाहेर पडले, तेव्हा दीनानाथ मंगेशकर आले; तेही १९१८ साली गेले. पाटीवरचे नाव मात्र तेच. 'क्वीन' या वाद्यवृंदाची कथा पाहावी. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी. तेथेच १९५८ च्या सुमारास त्याने सोबत्यांना घेऊन 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी संच काढला होता. १९९१ साली तो वारला. ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे त्याचे दोघे सोबती पंचाहत्तरी गाठेपर्यंत दुसऱ्या गायकांस बरोबर घेऊन 'क्वीन'च्या नावाने गात राहिले. मधेच एका गाण्याच्या वेळी मागील पडद्यावर मृत गायकाचे चित्र प्रकट होते आणि म्हातारा मे खाली बसून त्याच्या साथीस गिटार वाजवितो. चौथा सोबती जॉन डीकन १९९७ नंतर रंगमंचावर आलाच नाही. त्याने मुलाखती दिल्या नाहीत, आत्मचरित्र लिहिले नाही. त्या चौघांत आम्हांला सर्वांत कुतूहल वाटते ते याच गृहस्थाचे.

जेथे पैसा नाही तेथे हा प्रश्न थोडा निराळा होतो. मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' नावाचा वाद्यवृंद निघाला. उदय बेनेगल गात, महेश तिनईकर गिटार वाजवीत. धोबी तलावाजवळच्या उघड्या रंगभवनात महाविद्यालयीन तरुण त्यांना ऐकावयास गर्दी करीत. १९९३ साली त्यांनी 'इंडस क्रीड' असे नाव घेतले, १९९७ साली ते पांगले, आणि २०१० साली, पोक्त वयात, पुन्हा एकत्र आले. २०१२ साली त्यांनी नव्या गाण्यांचा संग्रहही काढला. जुनी गाणी पुन्हा म्हणून टाळ्या घेणे सोपे होते. पण या मंडळींनी नवी गाणी रचली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दरम्यान रंगभवन 'शांतता क्षेत्रा'च्या नियमाखाली मुके झाले होते. गायक परत आले, पण गाण्याची जागाच उरली नव्हती!

अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकेल जॅक्सनचा जलसा झाला, तो मुंबईकरांच्या अद्याप स्मरणात आहे. तेथून वर्सोवा फार दूर नाही. या गावाचे जुने नाव वेसावे. १७३९ साली वसईच्या मोहिमेत येथला किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पण कोळी त्याच्याही आधीपासूनचे. आज गावाच्या एका अंगास आराम नगरातील बैठ्या घरांतून नटांच्या तालमी आणि चाचण्या चालतात, तेथे तिशी उलटलेला माणूस आपले वय सांगताना अडखळतो. दुसऱ्या अंगास कोळीवाडा आहे, आणि तेथे गाण्याचा हिशेब वेगळा. ध्वनिफितींच्या काळात 'वेसावकर आणि मंडळी' या संचाने कोळीगीते महाराष्ट्रभर पोचविली. काशीराम चिंचय यांचे नाव त्या संचाशी कायमचे निगडित आहे. संचाचे नाव मात्र कोणा एकाचे नाही, गावाचे आहे. गाणारे पिकले, काही गेले, नवे आले. 'वेसावची पारू' वाजली की लग्नाच्या हळदीत नातीबरोबर आजीही फेर धरते, आणि आजीचा आवाज चिरका म्हणून कोणी नाक मुरडीत नाही. पारू तरुणच आहे. तिला गाणाऱ्याने तरुण असावे अशी अट कोणी घातलेली नाही. गाणे जेव्हा साऱ्या वस्तीचे असते तेव्हा एकाच्या गळ्याचे वय त्याला बाधत नाही.

बालगंधर्वांचे गाणे असे नव्हते. ते त्यांच्या देहाशी जखडलेले होते, आणि तो देह दुसऱ्या कोणाचा तरी आहे असे भासविणे ही त्यांची कला होती. 'मानापमाना'तील भामिनी (१९११), 'स्वयंवरा'तील रुक्मिणी (१९१६), 'एकच प्याल्या'तील सिंधू (१९१९) या भूमिकांनी त्यांनी महाराष्ट्राला वेड लावले. त्यांचा शालू नेसण्याचा ढंग, केसांची ठेवण, चालण्याबोलण्याची लकब घरंदाज स्त्रिया उचलीत. साथीस तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष! या वैभवापायी मंडळीवर मोठे कर्ज झाले, ते गाऊन फेडावे लागले. मग बोलपट आला. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि स्त्रीपार्टी नटाचा काळ संपल्याची जाहीर नोटीस लागली. १९३५ साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' बोलपटात त्यांनी एकनाथांची भूमिका केली. पण त्यांचे मन तेथे रमले नाही. ते नाटकाकडे परतले, आणि पन्नाशी उलटल्यावरही त्यांनी स्त्रीवेष उतरविला नाही.

अंग सुटलेले, चेहऱ्यावर वयाच्या रेषा, आणि समोर सोळा वर्षांची रुक्मिणी पाहावयाची! रसिक अशा वेळी डोळे मिटून घेत, असे जुनी मंडळी सांगत. हे डोळे मिटणे प्रेमाचे होते यात शंका नाही. परंतु त्या प्रेमाने नटाचे कल्याण केले काय? भाऊराव कोल्हटकरांचे उदाहरण किर्लोस्कर मंडळीतच घडलेले होते. तरुणपणी त्यांनी शकुंतला होऊन लोकांस मोहिनी घातली. पुढे वय झाले तसे ते पुरुषभूमिकांकडे वळले आणि 'शारदे'त, १८९९ साली, कोदंड होऊन उभे राहिले. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी जे ओळखले ते बालगंधर्वांनी ओळखले नव्हते असे नव्हे. पण रुक्मिणी ही त्यांची एक भूमिका राहिली नव्हती, तीच कंपनीचे भांडवल झाली होती. कर्ज तिच्यावर फिटत होते, बिऱ्हाडे तिच्यावर चालत होती. लोकांना बालगंधर्व हवे होते, पण ते रुक्मिणी होऊन आलेले हवे होते. आमच्या मते येथे दोष नटाहून प्रेक्षकाच्या पदरी अधिक जातो. आपल्या तारुण्याची साक्ष काढण्यासाठी त्याने एका थकलेल्या माणसाला शालू नेसविला. ब्रेबर्न स्टेडियमवर जमलेल्या पंचेचाळिशीच्या गृहस्थांनी जॅगरकडून जे मागितले तेही याहून फारसे वेगळे नव्हते. फरक एवढाच की जॅगर कोट्यधीश होता आणि नको म्हणू शकत होता.

म्हणूनच आम्हांला ती बर्मिंगहॅमची खुर्ची मोलाची वाटते. २६ मार्च २०२२ रोजी लंडनात 'जेनेसिस'चा अखेरचा जलसा झाला, त्यातही फिल कॉलिन्स खुर्चीवर बसून गायला. एके काळचा हा नामांकित तालवादक. आता त्याच्या हातात काठ्या टिकत नव्हत्या, तेव्हा मागे त्याचा मुलगा ताल धरून बसला होता. कोणी कोणाचे डोळे मिटविले नाहीत. बालगंधर्वांच्याही आयुष्यात ही खुर्ची आली, फार उशिरा आली. पायांनी साथ सोडल्यावर ते बैठकीवर बसून भजने म्हणू लागले. 'कान्होपात्रा' नाटक १९३१ चे. त्यातील अभंग त्यांच्या गळ्यात होतेच. शालू, अत्तर, रंगभूषा, मखमली पडदा यांतले काही उरले नव्हते. जे ऐकावयास जात त्यांस रुक्मिणी दिसत नसे. टोपी घातलेला एक वृद्ध दिसे, आणि त्या वृद्धाच्या सुरात अजून असे काही होते की लोक पुन्हा जात. १९५५ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला, १९६४ साली पद्मभूषण मिळाले. पुण्यात मुठेच्या काठी त्यांच्या नावाच्या नाट्यगृहाचे भूमिपूजन १९६२ साली त्यांच्याच हस्ते झाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले, आणि नाट्यगृहाचा पडदा त्यांच्या पुढील जन्मदिनी, २६ जून १९६८ रोजी, प्रथम उघडला.