तेर

तेर हे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील एक ऐतिहासिक गाव आहे. ते धाराशिव शहराच्या ईशान्येस तेरणा नदीच्या काठी वसले आहे. सातवाहन काळातील ‘तगर’ हे व्यापारी नगर म्हणजेच आजचे तेर होय. संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणूनही ते वारकरी संप्रदायात प्रसिद्ध आहे. आज तेर प्रामुख्याने शेतीवर अवलंबून असून प्राचीन नगराचे अवशेष गावात आणि भोवतालच्या टेकाडांत विखुरलेले आहेत.

नाव

प्राचीन ग्रंथांत व लेखांत या स्थळाचा उल्लेख ‘तगर’ किंवा ‘तगरपूर’ असा येतो. कोकण व कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश भाषेतील जैन काव्यात ‘तेरापूर’ असे रूप आढळते. स्थानिक परंपरेत गावाला ‘सत्यपुरी’ असेही म्हणतात.

प्राचीन इतिहास

इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तगर या दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठांचे वर्णन आहे. पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे त्यात म्हटले आहे. तगरहून साधे कापड, तलम मलमल आणि इतर माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. टॉलेमीच्या भूगोलातही तगरचा उल्लेख आहे.

तगर नेमके कोठे होते, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी स्थळे सुचविली गेली. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले आणि हेन्री कझिन्स यांच्या पाहणीने त्यास पुष्टी मिळाली.

१९५८ मध्ये बी. एन. चापेकर यांनी येथे उत्खनन केले. त्यानंतरही वेळोवेळी उत्खनने झाली. त्यांत सातवाहनकालीन नाणी, मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या वस्तू, विटांचे बांधकाम आणि रोमन जगाशी असलेल्या संपर्काची चिन्हे मिळाली. तेर येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य दाखविते.

वास्तू

त्रिविक्रम मंदिर हे महाराष्ट्रातील अतिप्राचीन विटबांधणीच्या मंदिरांपैकी एक आहे. त्याचे गर्भगृह मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असून छत गजपृष्ठाकार आहे. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिराशी त्याची तुलना केली जाते. ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. इतरांना ती आरंभापासून हिंदू मंदिर वाटते. उत्तरेश्वर व कालेश्वर ही विटांची मंदिरेही प्राचीन आहेत. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट आता गावातील संग्रहालयात आहे. गावात जैन मंदिरही आहे.

संत गोरा कुंभार

‘गोरोबाकाका’ या नावाने ओळखले जाणारे संत गोरा कुंभार (परंपरेनुसार इ. स. १२६७–१३१७) हे ज्ञानेश्वर व नामदेव यांचे समकालीन होते. संतमंडळीत वयाने वडील असल्याने त्यांना ‘काका’ म्हणत. विठ्ठलभजनात तल्लीन होऊन चिखल तुडविताना स्वतःचे मूल पायाखाली आल्याची कथा, तसेच थापटीने संतांची डोकी पारखून नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविल्याची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्यांची समाधी तेर येथे असून चैत्र वद्य पक्षात तेथे यात्रा भरते.

आधुनिक काळ

हा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. १८५३ ते १८६० या काळात तो ब्रिटिशांच्या ताब्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

शेती व लोकजीवन

हा भाग पर्जन्यछायेत येतो आणि पाऊस अनिश्चित असतो. १९७२ चा दुष्काळ परिसराच्या स्मरणात आहे. काळ्या जमिनीत खरिपात सोयाबीन, तूर, उडीद व मूग, तर रब्बीत ज्वारी व हरभरा घेतात. ज्वारीपासून धान्य आणि जनावरांसाठी कडबा असे दोन्ही मिळत असल्याने कोरडवाहू शेतकऱ्याला तिचा आधार वाटतो. पाण्याची सोय असेल तेथे ऊस होतो. तेरजवळ तेरणा नदीवर मातीचे धरण आहे. जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी अल्पभूधारकांचे महत्त्वाचे पशुधन आहे.

मार्गशीर्ष अमावास्येला येणारी वेळ अमावास्या (येळवस) हा धाराशिव व लातूर भागातील शेतकऱ्यांचा मोठा सण होय. त्या दिवशी शेतात कडब्याची कोप उभारून पाच पांडवांची पूजा करतात आणि आंबिल, भज्जी, उंडे असे जेवण आप्तेष्टांसह शेतातच घेतात.

संग्रहालय व जतन

मराठवाड्यात वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि पिकाऊ जमिनीला ‘काळी’ म्हणतात. तेरची पांढरी दोन हजार वर्षांच्या वस्तीच्या थरांनी बनलेली आहे. त्यामुळे घराचा पाया खणताना किंवा टेकाडाची माती हलविताना जुन्या वस्तू वर येतात, आणि नोंद न होता त्या हलविल्या गेल्यास त्यांचा थर व काळ सांगणे अशक्य होते. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जमवून त्यांचा मोठा संग्रह उभा केला. पुढे तो शासनाकडे आला आणि त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय गावात स्थापन झाले. नगराचा बराच भाग आजच्या घरांखाली व शेतांखाली असल्याने सर्वत्र उत्खनन करणे शक्य नाही. म्हणून तगरच्या अभ्यासासाठी हा संग्रह विशेष महत्त्वाचा ठरतो.