मूठ, लाख आणि शिकलगाराचे चाक

१/ देवगड तालुक्यातील विजयदुर्ग म्हटला की तोफा आठवतात. पण आंग्र्यांचे आरमार शत्रूच्या जहाजाला भिडले, की निकाल हातातल्या तलवारीवर लागे.

२/ त्या काळी अनेक पाती युरोपातून येत. म्हणून अशा तलवारीस 'फिरंग' म्हणत. मूठ मात्र येथील कारागिरांची. तिच्या पोकळीत तापवलेली लाख भरून पात्याचे मागचे टोक रोवले जाई.

३/ पात्याला धार व झिलई देई तो शिकलगार. लाखेत कुरुंदाची पूड कालवून त्याचे चाक घडे. आसाला गुंडाळलेली वादी साथीदार आळीपाळीने ओढी. चाक पुढे-मागे फिरे. वेग बेताचा राही.

४/ १८७८ च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना शस्त्र बाळगण्यास बंदी आली. तलवारीचे काम आटले. सुऱ्या-कात्र्यांची धार उरली.

५/ आज सुरीच्या मुठीसाठी लहान बेल्ट ग्राइंडर निवडताना तेच सूत्र लागू पडते: वेग कमी करता यावा, पट्टा मुठीच्या बाकात शिरेल इतका अरुंद असावा. अतिवेगाने लाकूड करपते, इपॉक्सीही मऊ पडते.

६/ पूजेतली जुनी तलवार मात्र खंडेनवमीपूर्वी या यंत्राखाली धरू नये. लाख ८० अंश सेल्सिअसच्या आतच मऊ होते. मूठ सैल पडते. पट्ट्याखाली झिजलेली नक्षी आणि अक्षरे पुन्हा उमटत नाहीत. तलवार चकाकते, तिचा पुरावा मात्र नाहीसा होतो.