४२.३४ मीटरवरचा आवाज आणि खोपोलीची वीज

'ऐ वतन मेरे वतन' हा उषा मेहतांवरचा हिंदी चित्रपट २१ मार्च २०२४ रोजी घरबसल्या पाहण्यासाठी उपलब्ध झाला. कुंभिवलीत तो मी पुतण्याच्या मोबाइलवर पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन पुन्हा एकदा पाहिला. बेचाळीसच्या चळवळीवर गेली वीस-बावीस वर्षे मी जमेल तसे वाचत आलो आहे. त्यामुळे कथा ठाऊक होती. तरीही दुसऱ्यांदा पाहताना एक साधा प्रश्न पडला, जो त्याआधी कधी पडला नव्हता. गुप्तपणे एका घरातून दुसऱ्या घरात हलवल्या जाणाऱ्या त्या प्रक्षेपण-यंत्राला वीज कुठून मिळत होती?

आधी घटनाक्रम सांगतो. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, आकाशवाणी सरकारची होती. अशा वेळी बावीस वर्षांची एक तरुणी आणि तिचे थोडे साथीदार यांनी '४२.३४ मीटरवरून, भारतात कुठूनतरी' काँग्रेस रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे जेमतेम अडीच महिने तो चालला. हिंदी आणि इंग्रजीतून बातम्या दिल्या जात. आपल्या विदर्भातल्या चिमूर आणि आष्टीच्या अत्याचारांची हकीकत देशाने ऐकली ती या केंद्रावरून. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. खबर देणारा माणूस आतलाच होता, यंत्राच्या कामातला तंत्रज्ञ.

चित्रपटाने हे सगळे बऱ्यापैकी दाखवले आहे. पण नायिकेला उजळ करण्यासाठी बाकीच्यांवर पडदा टाकला आहे. पडद्यावरचे साथीदार फहाद आणि कौशिक या नावांचे आहेत. खटल्याच्या कागदांत नावे आहेत ती बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलभाई झवेरी आणि नानक मोटवाणी यांची. मोटवाणी म्हणजे 'शिकागो रेडिओ'चे मालक. काँग्रेसच्या अधिवेशनांत त्यांचे कर्णे लागत. ते आणि विठ्ठलभाई निर्दोष सुटले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची, आणि सर्वांत जास्त, पाच वर्षांची शिक्षा झाली ती बाबूभाई खाकरांना. ज्याला सर्वांत जास्त शिक्षा, त्याचेच नाव चित्रपटात उरलेले नाही! वडिलांचेही तसेच. सचिन खेडेकरांनी साकारलेले न्यायाधीश वडील मुलीच्या वाटेत उभे राहतात. प्रत्यक्षात हरिप्रसाद मेहता १९३० मध्येच निवृत्त झाले होते.

याच विषयाजवळचा एक अमेरिकन चित्रपट मी काही वर्षांपूर्वी पाहिला होता, २००७ चा 'टॉक टू मी'. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूओएल केंद्रावरचा कृष्णवर्णीय निवेदक पीटी ग्रीन याची ती गोष्ट. तुरुंगातून सुटून आलेला हा माणूस माइकवर आपल्या वस्तीच्या बोलीत, कुणाची भीडभाड न ठेवता बोलू लागला. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, वॉशिंग्टन पेटले, तेव्हा लोकांना शांत राहण्याची विनवणी करणाऱ्यांत तो होता. या चित्रपटाची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यात ग्रीनला केंद्रावर आणणारा, त्याला सांभाळणारा ड्यूई ह्यूज जवळजवळ निम्मा पडदा व्यापतो. कोणताही आवाज एकटा हवेत जात नाही, हे त्या दिग्दर्शिकेला कळले होते.

आता विजेकडे वळू. मुंबई बेटावरच्या घरांना वीज देत असे ती बेस्ट कंपनी, आणि बेस्ट ती घाऊक विकत घेई टाटांकडून. टाटांची वीज आमच्या डोंगरातली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला आणून तिथे १९१५ मध्ये वीजकेंद्र सुरू झाले. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे झाले, १९२७ मध्ये भिरा येथील. या केंद्रांतून मुंबईकडे निघालेल्या उच्चदाबाच्या तारा आमच्या खाचरांवरून, माळांवरून जात होत्या. खाली गावात मात्र दिवा रॉकेलचाच. आमच्या आळीत वीज आली तेव्हा मी तिसरीत होतो. त्याआधी साठ वर्षे ती डोक्यावरून मुंबईला जात होती. म्हणजे उषाबेनचा आवाज ज्या विजेवर निघत होता, ती इथल्या पाण्याची होती.

आणि नेमक्या याच महिन्यांत इथली माणसे ती वीज तोडायला निघाली होती.

माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, वकील होते, माथेरान नगरपालिकेचे उपनगराध्यक्ष होते, नाभिक समाजात जन्मलेले होते. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि शाळा काढण्याचे काम ते आधीपासून करत होते. बेचाळीसमध्ये भूमिगत होऊन त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात दस्त्याने विजेचे अकरा मनोरे पाडले. हेतू सरळ होता, मुंबईचे कारखाने आणि रेल्वे थांबवायची. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. मानिवलीचे हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथे मारले गेले. मुंबईतल्या छाप्यापासून हा दिवस एक्कावन्नावा.

तारखा शेजारी ठेवल्या की गंमत वाटते आणि थोडे दचकायलाही होते. मुंबईतला एक गट विजेवर उभा राहून लोकांना उठा म्हणत होता. ऐंशी किलोमीटरवरचा दुसरा गट उठून तीच वीज पाडत होता. या दोघांमध्ये संगनमत होते असे मी म्हणत नाही. अमुक रात्री मनोरा पडला म्हणून अमुक कार्यक्रम बंद पडला, असली जुळवाजुळव करण्याचा मोह संशोधकाला होतो. ती मी करणार नाही. एवढेच म्हणतो की 'करा किंवा मरा' या शब्दांचा अर्थ दोघांनी आपापल्या हाताशी जे होते त्यावरून लावला. शहरात यंत्र आणि मोटवाणींसारखे ओळखीचे व्यापारी होते. कर्जतमध्ये जंगल होते आणि मनोरे होते.

गांधीजींच्या कसोटीला मात्र दोघेही तितकेच कमी पडतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. १९४४ मध्ये सुटून आल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघड्यावर येण्यास सांगितले. गुप्तता त्यांना मान्य नव्हती. मनोरा पाडणे हे घातपाताचे काम आणि रेडिओ हे अहिंसक, अशी विभागणी आज आपण सहज करतो. पण दोन्ही लपून केलेली कामे होती. पुढे आयुष्यभर गांधीविचार सांगणाऱ्या, विल्सन महाविद्यालयात शिकवणाऱ्या, १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या उषाबेननी तरुणपणी केलेले सर्वांत मोठे काम हे गुप्ततेचे होते. मला यात विसंगती वाटत नाही. पण मग भाई कोतवालांना वेगळ्या कप्प्यात टाकू नये.

त्यांच्यावरही २०२० मध्ये मराठी चित्रपट आला, 'शहीद भाई कोतवाल'. तो किती जणांनी पाहिला, हे विचारायला नको. कारण नुसते भाषेचे किंवा पैशाचे आहे असे मला वाटत नाही. काँग्रेस रेडिओचे शब्द शिल्लक आहेत, आणि ते शिल्लक ठेवले पोलिसांनी! कार्यक्रम चोरून ऐकून ते उतरवून घेत होते. खटल्यासाठी टंकलिखित केलेले ते कागद दप्तरात राहिले आणि उषा ठक्कर यांच्या २०२१ च्या इंग्रजी पुस्तकामुळे सर्वांसमोर आले. ज्यांना तो आवाज बंद करायचा होता, त्यांनीच तो जपला. पडलेला मनोरा मात्र कंपनी दुसरा उभा करते. जुने लोखंड जाते, जोत्यावर गवत वाढते. तिथे रात्री कोण गेले होते, भाकरी कुणी बांधून दिली, कुणाच्या गोठ्यात माणसे झोपली, हे कुणी टंकलिखित केले नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितले तेवढेच राहिले, आणि ती माणसे आता राहिली नाहीत.

दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर माणसे जमतात. मी सात-आठ वेळा गेलो आहे. भाषणांत भाईंचे आणि हिराजींचे नाव येते, ते यायलाच हवे. परतताना वाटेत एखाद्या म्हाताऱ्याजवळ बसलो की आणखी दोन-तीन नावे मिळतात, कुणाच्या आजोबांचे, कुणाच्या आत्याचे. अशी एकोणीस नावे आजवर माझ्या वहीत आहेत. कागदाचा आधार मिळेपर्यंत त्यांतले एकही मी इथे छापणार नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. कर्जत, खालापूर, मुरबाड या भागात कुणाच्या घरी बेचाळीस-त्रेचाळीसचे पोलिसी समन्स, दंडाची पावती, तुरुंगातून आलेले कार्ड, जमिनीच्या जप्तीचा कागद असेल, फाटका असला तरी, अंकाच्या पत्त्यावर मला कळवावे. कागद मी घेऊन जाणार नाही. तुमच्या ओटीवर बसून उतरवून घेईन.