पट्टा जाण्याआधीची एकोणसाठ मिनिटं

पंधरा फेऱ्या, प्रत्येक तीन मिनिटांची. मधे चौदा वेळा एकेक मिनिटाची विश्रांती. सगळी बेरीज एकोणसाठ मिनिटं. आयर्लंडचा मुष्टियोद्धा बॅरी मॅग्विगन याचं जगज्जेतेपद 23 जून 1986 रोजी लास व्हेगासच्या उघड्या रिंगणात गेलं, ते यातल्या अगदी शेवटच्या तीन मिनिटांत. घड्याळ मात्र बरंच आधी सुरू झालं होतं. खालच्या वेळा शेवटच्या घंटेपासून मागे मोजल्या आहेत.

चार वर्षं नऊ दिवस आधी

लंडनचं एक बडं हॉटेल. काळे सूट घातलेली मंडळी जेवता जेवता मुष्टियुद्ध बघतायत. मॅग्विगन 21 वर्षांचा, समोर यंग अली या नावाने खेळणारा नायजेरियाचा बॉक्सर. सहाव्या फेरीत अली कोसळतो, तो शुद्धीवर येतच नाही. सहा महिने बेशुद्धीत काढून डिसेंबर 1982 मध्ये तो मरण पावतो. मॅग्विगन खेळ सोडायच्या बेताला आला होता. सोडला नाही. पण पुढे जगज्जेता झाल्यावर रिंगणातच त्याला रडू कोसळलं, आणि तो विजय त्याने अलीच्या नावे केला.

तीन वर्षं सात महिने आधी

13 नोव्हेंबर 1982. लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या जुगारघराचं बाहेरचं रिंगण. कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत रे मॅन्सिनीचा ठोसा खाऊन पडतो आणि काही दिवसांत दगावतो. जगभर ओरड होते. मुष्टियुद्धाच्या तेव्हाच्या दोन मोठ्या जागतिक संघटनांपैकी एक, डब्ल्यूबीसी, जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणते. दुसरी, डब्ल्यूबीए, पंधरा फेऱ्या चालूच ठेवते. मॅग्विगन जगज्जेतेपदाच्या ज्या पट्ट्याच्या मागे लागला होता, तो या दुसऱ्या संघटनेचा. आणि पुढे तो पट्टा जिथे हातातून जाणार होता ते सीझर्स पॅलेसचंच अंगण.

एक वर्ष पंधरा दिवस आधी

इथे जरा थांबायला हवं, कारण पडणारा माणूस केवढा होता हे कळल्याशिवाय पडण्याला अर्थ नाही.

क्लोन्स हे मॉनाहन परगण्यातलं छोटं गाव. आयर्लंड प्रजासत्ताक आणि ब्रिटिश अंमलाखालचं उत्तर आयर्लंड यांच्या सीमेला ते अगदी चिकटलेलं. 1970 आणि 80 च्या दशकांत या सीमेच्या आसपास बॉम्ब आणि गोळीबार नेहमीचे. मॅग्विगन कॅथलिक, त्याची बायको प्रोटेस्टंट. 1978 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने उत्तर आयर्लंडसाठी सुवर्णपदक मिळवलं, 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकला तो आयर्लंडकडून गेला, आणि ब्रिटिश अजिंक्यपदासाठी लढता यावं म्हणून ब्रिटिश नागरिकही झाला. एवढ्यावरून गावात दगड पडायला हवे होते. झालं उलटंच. तो कुठलाही राष्ट्रध्वज अंगावर घेऊन रिंगणात येत नसे, त्याच्या चड्डीवर शांतीचं कबूतर असे. राष्ट्रगीताच्या जागी त्याचे वडील पॅट 'डॅनी बॉय' हे गाणं म्हणत. पॅट हे व्यावसायिक गायक, 1968 च्या युरोव्हिजन गानस्पर्धेत आयर्लंडतर्फे गायलेले. बेलफास्टच्या किंग्ज हॉलमध्ये एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्हीकडचे लोक एका बाकावर बसून ते ऐकत.

8 जून 1985 ला लंडनच्या लॉफ्टस रोड फुटबॉल मैदानावर पनामाचा युसेबिओ पेड्रोझा समोर होता. सात वर्षं जगज्जेता, एकोणीस वेळा पट्टा राखलेला. मॅग्विगनने सातव्या फेरीत त्याला लोळवलं आणि पंधराही फेऱ्या पुरवून गुणांवर हरवलं. त्याची पद्धत एकच: पुढे सरायचं, बरगड्यांवर मारायचं, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. बघायला ही पद्धत फार छान, पण शरीराला तिच्याइतकी महाग दुसरी नाही. इंजिन सतत चढं ठेवावं लागतं, आणि चढं इंजिन तापतं. लंडनच्या थंड रात्री ते खपून गेलं.

काही आठवडे आधी

पुढे बेलफास्ट आणि डब्लिनला दोनदा पट्टा राखून झाला. आता अमेरिका. मोठा पैसा आणि मोठं टेलिव्हिजन तिथेच. ठरलेला प्रतिस्पर्धी अर्जेंटिनाचा फर्नांडो सोसा दुखापतीमुळे गळाला. त्याच्या जागी आला टेक्सासच्या फोर्ट वर्थचा स्टीव्ह क्रूझ. वय 22, प्लंबिंगचं काम शिकणारा पोरगा. बातम्यांना एवढा मसाला पुरला, नळवाला विरुद्ध जगज्जेता. कोणी त्याला फारसं मोजलं नाही. टेक्सासचा उन्हाळा त्याच्या अंगवळणी पडलेला आहे, हेही कोणी फारसं मोजलं नसावं.

एक दिवस आधी

जगाचं लक्ष दुसरीकडे. मेक्सिकोतल्या फुटबॉल विश्वचषकात मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने एक गोल ढकलला आणि पायाने दुसरा असा केला की लोकांनी पहिल्याबद्दल माफ करून टाकलं. आपल्याकडे मन लीड्सच्या क्रिकेट कसोटीत अडकलेलं. त्या कसोटीत दिलीप वेंगसरकरने पहिल्या डावात 61 आणि दुसऱ्यात नाबाद 102 केल्या, आणि 23 जूनला भारताने सामना 279 धावांनी जिंकून मालिकाही खिशात घातली. दुसऱ्या दिवशी मराठी घरात क्लोन्सच्या मॅग्विगनचं नाव निघालं असेल, असं मला वाटत नाही.

काही तास आधी

23 जून, लास व्हेगास. नेवाडाचं वाळवंट, पारा चाळिसाच्या वर. वर छप्पर नाही आणि दिवस उत्तर गोलार्धातल्या सर्वांत लांब दिवसांपैकी.

इथे मला आमच्या कळंबची आठवण येते. पुणे-नाशिक रस्त्यावर, मंचर आणि नारायणगावच्या मधे हे गाव. या भागात यात्रेचा आखाडा भरतो तो चैत्र-वैशाखात, म्हणजे ऊन ऐन कडाक्याचं असताना. पण बारा वाजता हलगी वाजत नाही. सूर्य कलल्यावर, मातीवर पाणी शिंपडून, आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या होतात. मोठ्या इनामाची जोड शेवटी, अंधार पडायच्या जरा आधी. यात्रा कमिटीतल्या म्हाताऱ्यांनी शरीरशास्त्र वाचलेलं नसतं. उन्हात पैलवान लावला तर कुस्ती होत नाही, नुसती दमछाक होते, एवढं त्यांना पुरतं. सीझर्स पॅलेसच्या कमिटीला हे कळत नव्हतं असं नाही. त्यांचं पंचांग टेलिव्हिजनचं होतं.

शिवाय वजनाचा काटा. मॅग्विगनचा गट फेदरवेट, मर्यादा 126 पौंड, म्हणजे साधारण 57 किलो. हेलसिंकी ऑलिंपिकला आपले खाशाबा जाधव लढले तेही याच 57 किलोच्या गटात. ज्याला वजन धरून ठेवायचंय, त्याच्या अंगात पाण्याचा साठा मुळातच बेताचा. कोरड्या हवेत घाम आल्यासरशी वाळतो, त्यामुळे किती गेलं ते कळत नाही. रक्त घट्ट होत जातं, काळीज जास्त धडधडतं, आणि हातपाय ऐकेनासे होतात ते अगदी एकाएकी.

59 मिनिटं

पहिली घंटा. आयर्लंडमध्ये मध्यरात्र उलटून गेलीय, लोक जागे आहेत. मॅग्विगन नेहमीसारखाच पुढे सरतो.

43 मिनिटं

पाचवी फेरी. तो अजून जोरात आहे, पण क्रूझ मागे हटताना डावा हात सरळ ठेवतोय आणि मधूनच हुक मारतोय. घाबरलेला अजिबात दिसत नाही. कोपऱ्यातल्या माणसांना दर वेळी साठच सेकंद मिळतात. पाणी, बर्फ, ओला टॉवेल. त्या उन्हात साठ सेकंदांत अंग निवत नाही, फार तर तोंड ओलं होतं.

23 मिनिटं

दहावी फेरी. क्रूझचा डावा हुक बसतो आणि मॅग्विगन खाली. उठतो. पेड्रोझाविरुद्ध जो माणूस पंधराव्या फेरीपर्यंत चढाई करत होता, त्याच्या पायांत आता जोर नाही. माझ्या मते लढत इथेच थांबायला हवी होती, पंचांनी नाही तर त्याच्याच कोपऱ्याने. यात्रेतला वस्ताद अशा वेळी कुस्ती बरोबरीत सोडवायला सांगतो आणि त्यात कोणाची अब्रू जात नाही. पण पट्टा असलेल्या माणसाला स्टुलावरून उठू नको म्हणायला फार जिगर लागते, आणि गुण तर अजून त्याच्याच बाजूने होते.

15 मिनिटं

बारावी फेरी. कमरेखाली ठोसे बसल्याबद्दल रिंगणातले पंच रिचर्ड स्टील एक गुण कापतात. थकलेल्या हाताचा ठोसा खाली उतरतो, खोड म्हणून नव्हे, हात वर राहत नाही म्हणून. हा एक गुण लक्षात ठेवा.

12 मिनिटं

बारावी फेरी संपली. डब्ल्यूबीसीची लढत असती तर इथेच संपली असती. हा नियम आणायला एक माणूस मरावा लागला, तोही याच जुगारघराच्या अंगणात. पण हा पट्टा दुसऱ्या संघटनेचा. अजून तीन फेऱ्या.

3 मिनिटं

शेवटची फेरी सुरू होताना गुण देणाऱ्या तीन पंचांपैकी दोघांच्या कागदावर मॅग्विगन अजूनही पुढे आहे. उभं राहायचं, मिठी मारायची, तीन मिनिटं काढायची, बस्स. त्याला तेही जमत नाही. क्रूझ त्याला पाडतो. उठतो. क्रूझ पुन्हा पाडतो. पुन्हा उठतो. शेवटची घंटा होते तेव्हा तो पायांवर आहे, यापलीकडे काही म्हणता येत नाही.

शून्य

143-142, 142-141, 143-139. तिन्ही पंच क्रूझच्या बाजूने. दोन कागदांवर फरक एका गुणाचा. बारावीतला तो कापलेला गुण राहिला असता, तर हे दोन्ही कागद बरोबरीत सुटले असते, आणि दोन बरोबऱ्या म्हणजे पट्टा ज्याचा त्याच्याकडे. शेवटच्या फेरीत दोनऐवजी एकदाच पडला असता, तरीही बहुधा तेच.

नंतर

अंगातलं पाणी आटल्यामुळे मॅग्विगनला इस्पितळात न्यावं लागलं. त्या लढतीला 'द रिंग' मासिकाने वर्षातली सर्वोत्तम लढत ठरवलं. बघणाऱ्याच्या बाजूने ते खरंही आहे.

पुढच्या वर्षी वडील पॅट गेले. मॅनेजर बार्नी ईस्टवुडशी त्याचं इतकं बिनसलं की प्रकरण अब्रुनुकसानीच्या दाव्यापर्यंत पोचलं, आणि 1992 मध्ये तो दावा ईस्टवुड जिंकला. मॅग्विगन 1988 ला परत रिंगणात उतरला आणि 1989 मध्ये जिम मॅकडॉनेलकडून हरल्यावर थांबला. जगज्जेतेपदासाठी तो पुन्हा कधीच लढला नाही. 1993 मध्ये ब्रिटनमध्ये व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांची संघटना उभी राहिली, तिच्या पुढाकारात तो होता.

डब्ल्यूबीएने 1987 मध्ये पंधरा फेऱ्यांचा नियम मोडीत काढला. त्याच वर्षी मार्चमध्ये, आपल्याच फोर्ट वर्थमध्ये, स्टीव्ह क्रूझ व्हेनेझुएलाच्या अँतोनियो एस्पारागोझाकडून हरला. पट्टा क्रूझकडे राहिला तो जेमतेम साडेआठ महिने.