पिस्तुलाचा प्रवास

पार्सलाची किंमत लिहावयाची, पावती घ्यावयाची आणि माल वाटेत मोडला तर भरपाई मागावयाची, ही रीत आज आपणांस स्वाभाविक वाटते. अमेरिकेत तिला देशव्यापी कायद्याचे पाठबळ मिळाले ते १९०६ साली. टेनेसीचे सिनेटर एडवर्ड कारमॅक यांच्या दुरुस्तीने, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाच्या नुकसानीची जबाबदारी तो प्रथम स्वीकारणाऱ्या कंपनीवर टाकली. दैवगती अशी, की १९०८ साली नॅशव्हिलच्या रस्त्यावर पिस्तुलांच्या चकमकीत हेच कारमॅक मारले गेले.

लपवून बाळगता येणारी अग्निशस्त्रे टपालाने पाठविण्यास १९२७ साली तेथील काँग्रेसने बंदी घातली. परंतु ती टपालापुरतीच होती. खाजगी एक्सप्रेस कंपन्यांची दारे उघडीच राहिली. मार्च १९६३ मध्ये ली हार्वी ऑस्वाल्डने टोपणनावाने मागविलेली दोन शस्त्रे रवाना झाली. रायफल टपालाने गेली, रिव्हॉल्व्हर रेल्वे एक्सप्रेसने. दोन्ही सुखरूप पोहोचली. वॉरन आयोगाच्या निष्कर्षानुसार, २२ नोव्हेंबर रोजी डॅलसमध्ये पहिलीने राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा आणि दुसऱ्याने पोलीस अधिकारी टिपिट यांचा बळी घेतला.

परराज्यातील विक्रेत्याने सामान्य ग्राहकाच्या घरी पिस्तूल धाडण्याचा मार्ग अखेर १९६८ च्या कायद्याने बंद केला. वाहतुकीत शस्त्रास इजा झाली तर भरपाई कोणी द्यावी, हे ठरून तोवर ६२ वर्षे लोटली होती. शस्त्राने होणाऱ्या इजेसाठी मात्र पावतीवर रकानाच नव्हता.