दृक्प्रत्यय: सांगलीतला वाद आणि परक्या सूर्याचा ग्रह

१९२० साली सांगलीत ज्योतिष संमेलन भरले. मूळ वाद पंचांगाचा होता. गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ १५२० चा. चारशे वर्षांत त्या गणितातली बारीक चूक साचत गेली आणि पंचांगातला ग्रह एकीकडे, आकाशातला दुसरीकडे असे होऊ लागले. केरोपंत छत्र्यांनी पटवर्धनी पंचांगाने सुधारणेला आधीच हात घातला होता. त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांचा आग्रह दृक्प्रत्ययाचा होता: गणिताने सांगितलेले डोळ्यांना दिसले पाहिजे.

पण पाहायचे कशाने? पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी नायगामवाला यांनी १८८८ मध्ये वेधशाळा उभारली होती, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण तेव्हा भारतात सर्वात मोठी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ते प्लेगच्या दिवसांत जेऊरला पथक घेऊन गेले. विजयदुर्ग आणि जेऊर, दोन्हीकडे वेध घेतले गेले. नकाशावर या दोन गावांना जोडणारी रेघ मी ओढून पाहिली, ती कराडजवळून जाते. सांगलीला मात्र खंडग्रासावरच समाधान मानावे लागले. १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाले आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. म्हणजे सांगलीत दृक्प्रत्ययावर वाद रंगला तेव्हा आपल्या भागातली सर्वात मोठी ‘दृक्’ आठ वर्षांपूर्वीच निघून गेली होती. विद्यार्थ्यांच्या हातून गेलेली ही गोष्ट मला पंचांगाच्या वादाहून मोठी वाटते.

आता १९९९ कडे येऊ. हार्वर्डचा विद्यार्थी डेव्हिड शार्बनो याने जेमतेम १० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने महाश्वातील एचडी २०९४५८ या ताऱ्याचा प्रकाश मोजला. ग्रह ताऱ्यापुढून सरकताना तो सुमारे दीड टक्क्याने मंदावला. अधिक्रमण करताना सापडलेला हा पहिला परताऱ्याचा ग्रह. तो साडेतीन दिवसांत प्रदक्षिणा पुरी करतो. नायगामवालांचा आरसा त्या भिंगाच्या पाचपट रुंद होता. उणीव आरशाची नव्हती, दीड टक्का टिपणाऱ्या सीसीडीची होती.

हा तारा साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण दिवाळीच्या सुमारास रात्री आठच्या आसपास साताऱ्याच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. विद्यापीठाच्या मध्यम दुर्बिणीवर विद्यार्थी काय करतात? तोच तारा आणि शेजारचा स्थिर तारा, दर मिनिटाला एक छायाचित्र, तीन-चार तास. दोघांच्या प्रकाशाचे गुणोत्तर काढले की हवेतला धूसरपणा बराचसा वजा होतो आणि उरतो तो प्रकाशवक्र, मध्ये उथळ खड्डा असलेला. त्या खड्ड्याचा मध्य कोणत्या क्षणी आला ते काढायचे आणि गणिताने सांगितलेल्या क्षणाशी ताडायचे. प्रदक्षिणाकाळातली सेकंदाच्या अंशाची चूकही शेकडो फेऱ्यांत मिनिटांवर जाते, ‘ग्रहलाघवा’त झाली तशीच. मोठ्या अवकाश दुर्बिणींचा मोजका वेळ चुकीच्या घटकेला वाया जाऊ नये म्हणून हे मध्यक्षण जगभरातून गोळा केले जातात. विद्यार्थ्याच्या वहीत शेवटी दोनच रकाने असतात: पाहिलेली वेळ आणि सांगितलेली वेळ.